जांभ्याच्या जमिनीत शोषखड्डा: विहीर सांभाळून जागा कशी ठरवावी?

सड्याखालचे_घर | १० फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित घराची दुरुस्ती या वर्षी काढली आहे आणि तिच्याबरोबर घराला लागून दोन शौचालये बांधायची आहेत. आजवर परसात एकच शौचालय होते. त्याचा खड्डा कोणी, कधी आणि किती खोल खणला होता, हे सांगणारे आता घरात कोणी उरलेले नाही.

जागा अशी आहे. घर उताराच्या मध्यावर आहे. मागे चढ असून त्याच्या माथ्यावर सडा, म्हणजे उघडा कातळ आहे. पुढे नारळ-सुपारीचे आगर, त्याखाली भाताची खाचरे आणि सर्वांत खाली पऱ्या, म्हणजे लहान ओढा आहे. आमची चिऱ्यांनी बांधलेली विहीर घराच्या पुढच्या अंगाला, डाव्या हाताला, आगराच्या वरच्या कडेला आहे. मे महिन्यात तिचे पाणी जमिनीपासून सुमारे ८ मीटर खाली जाते आणि जुलैमध्ये इतके वर येते की कठड्यावरून वाकले तर हात पोहोचेल की काय असे वाटते.

काम घेणाऱ्या ठेकेदारांचे म्हणणे आहे की घरामागे ३ मीटर खोल शोषखड्डा, म्हणजे शौचालयाच्या टाकीतले पाणी जमिनीत जिरवणारा खड्डा मारावा, कारण जांभा (इथला तांबडा, सच्छिद्र खडक) पाणी पितो आणि असा खड्डा जन्मात भरत नाही. विहीर तिथून ५० फूट लांब असल्यामुळे काळजीचे कारण नाही, असेही ते सांगतात. माझ्या आईचे मात्र समाधान होत नाही. चाळीस वर्षे तिने त्या विहिरीचे पाणी शेंदले आहे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर चार दिवसांत विहिरीला गढूळ पाणी येते, हे ती दर वर्षी पाहते. ते पाणी वरूनच येत असेल, तर खड्ड्यातले पाणीही त्याच वाटेने येणार नाही का, हा तिचा प्रश्न आहे आणि मला त्याचे उत्तर देता आलेले नाही.

घरात एरवी आम्ही पाच जण असतो. ५० फूट अंतर पुरेसे आहे का, आणि जमीन योग्य आहे की नाही हे घरच्या घरी तपासता येते का, हे जाणकारांनी सांगावे.

भूजल_निवृत्त | ११ फेब्रुवारी

तुमच्या आईंचे निरीक्षण अचूक आहे आणि या धाग्यातील सर्वांत मोलाची माहिती तीच आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

सेप्टिक टाकी मैला साफ करते, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात टाकीत जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. हे पाणी निवळलेले दिसले तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात. त्यांना अडवण्याचे खरे काम टाकीच्या पुढची माती करते. त्यातही ज्या मातीच्या पोकळ्यांत हवा आहे, म्हणजे जी पाण्याने पूर्ण भरलेली नाही, तीच हे काम नीट करते. अशा मातीतून पाणी कणांना चिकटून, पातळ थराने आणि सावकाश उतरते. जिवाणू कणांवर अडकतात, इतर सूक्ष्मजीव त्यांना खातात आणि उरलेले कालांतराने मरतात. चांगल्या मातीच्या पहिल्या ६० ते ९० सेंटीमीटरमध्येच बहुतेक जिवाणू अडतात. तीच माती पाण्याने तुडुंब भरलेली असली की पाणी मोठ्या पोकळ्यांतून वेगाने निघून जाते आणि गाळण जवळजवळ थांबते.

म्हणून विहिरीपासूनचे आडवे अंतर हा दुसरा प्रश्न आहे. खड्ड्याच्या तळापासून पावसाळ्यातील भूजलापर्यंत हवेशीर मातीचा किती जाड थर शिल्लक राहतो, हा पहिला प्रश्न आहे. तुमच्या विहिरीचे पाणी जुलैमध्ये हाताला लागण्याइतके वर येते आणि तुम्ही ३ मीटर खोल खड्डा खणणार आहात. घरामागे चढ आहे हे धरले तरी पावसाळ्यात तो खड्डा भूजलात उभा राहण्याची दाट शक्यता आहे. तसे झाले तर मैल्याचे पाणी मातीतून न गाळता थेट भूजलात मिसळेल.

आता जांभ्याविषयी. ठेकेदार म्हणतात ते खरे आहे, जांभा पाणी पितो. परंतु तो मातीसारखा पीत नाही. त्यात बोटाएवढ्या, कधी मनगटाएवढ्या नळ्या आणि पोकळ्या असतात. कोकणातील जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी गुळगुळीत, पांढरट किंवा गुलाबी चिकण मातीचा थर असतो. जांभ्यातून उतरलेले पाणी त्या थरावर अडते, उताराच्या दिशेने आडवे वाहू लागते आणि जिथे हा थर उघडा पडतो तिथे झरा फुटतो. सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांची रांग दिसते ती याच कारणाने. आईंना दर पावसाळ्यात दिसणारे गढूळ पाणी याच वाटेने येत असावे.

सेप्टिक टाकीसाठी भारतीय मानक २४७० आहे. त्याच्या दुसऱ्या भागात टाकीतून निघणाऱ्या पाण्याची विल्हेवाट सांगितली आहे. त्यानुसार जमिनीत जिरवण्याची व्यवस्था विहिरीसारख्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवी. ५० फूट म्हणजे सुमारे सव्वापंधरा मीटर, त्यामुळे तेवढ्या मोजमापावरही ही जागा बसत नाही. त्याच मानकात असेही म्हटले आहे की चुनखडीच्या किंवा भेगाळ खडकात जमिनीत जिरवण्याची पद्धत वापरू नये, कारण खडकातील वाटांनी दूषित पाणी फार लांबवर जाते. जांभ्याचे नाव तिथे नसले तरी इशाऱ्यामागचे कारण त्याला पुरेपूर लागू पडते.

घरच्या घरी चाचणी करता येते. तिची रीत उद्या लिहितो.

चिरेकाम_सावंतवाडी | ११ फेब्रुवारी

मी सिंधुदुर्गात बांधकामे घेतो. ठेकेदाराची बाजूही ऐकून घ्यावी म्हणून लिहीत आहे. आमच्याकडे येणाऱ्या मालकाची एकच मागणी असते, की खड्डा परत कधी उपसावा लागता कामा नये. मैला उपसणारी गाडी गावापर्यंत येत नाही. आली तरी पाणंदीतून घरापर्यंत पोहोचत नाही. मग मालकाला हवे ते आम्ही देतो, म्हणजे पाणी धरून न ठेवणारा खोल खड्डा. कित्येक ठिकाणी सेप्टिक टाकीला तळाचे काँक्रीटसुद्धा घातले जात नाही. वीस वर्षांत उपसा लागला नाही असे जे अभिमानाने सांगितले जाते, त्याचा अर्थ ती टाकी तळातून गळते आहे एवढाच असतो. हे मला पूर्वी कळत नव्हते. आता कळते, म्हणून बिनतळाच्या टाकीचे काम मी घेत नाही.

भूजल_निवृत्त | १२ फेब्रुवारी

आपण हे स्पष्टपणे लिहिलेत, त्याबद्दल आभार.

चाचणीची रीत अशी. चर (टाकीचे पाणी जिरवण्याची लांबट, उथळ खणती) ज्या खोलीपर्यंत घ्यायचा आहे तेवढाच खोल, १० ते ३० सेंटीमीटर रुंदीचा, उभ्या कडांचा खड्डा घ्यावा. कुदळीने किंवा पहारीने कडा गुळगुळीत होतात आणि मातीची तोंडे बुजतात, म्हणून कडा व तळ टोकदार हत्याराने खरवडून सुटी माती काढून टाकावी. तळाशी ५ सेंटीमीटर जाडीची खडी किंवा जाड वाळू पसरावी. तिच्यावर ३० सेंटीमीटर पाणी भरून ते रात्रभर मुरू द्यावे. हा रात्रभराचा भाग कोणीही गाळू नये. कोरड्या मातीने ओढलेले पाणी आणि भिजलेल्या मातीतून जिरणारे पाणी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याला दुसरीच मोजायची आहे.

सकाळी खड्ड्यात पाणी शिल्लक असेल, तर खडीवर १५ सेंटीमीटर पाणी राहील असे करून अर्ध्या तासात ते किती उतरते ते मोजावे. पाणी शिल्लक नसेल, तर १५ सेंटीमीटर भरून दर अर्ध्या तासाला मोजत, पुन्हा भरत, चार तास हे चालू ठेवावे आणि शेवटच्या अर्ध्या तासाचा आकडा धरावा. रेताड जमिनीत दर दहा मिनिटांनी तासभर मोजले तरी चालते. त्यावरून २५ मिलिमीटर पाणी उतरायला किती मिनिटे लागतात ते काढावे.

हा आकडा ६० मिनिटांहून अधिक आला तर ती जमीन पाणी जिरवण्यास निरुपयोगी आहे. ३० ते ६० मिनिटांच्या दरम्यान आला तर उथळ, लांब चर घ्यावेत, शोषखड्डा घेऊ नये. ३० मिनिटांच्या आत आला तर दोन्ही चालतात, मात्र भूजल खोल असेल तरच. पावसाळ्यात भूजल जमिनीपासून १.८ मीटरच्या आत येत असेल, तर व्यवस्था अंशतः किंवा पूर्णतः भरावावर, म्हणजे जमिनीच्या वर उचलून करावी लागते. आणि पाणी मिनिटभरात नाहीसे झाले, तर आनंद मानू नये. एवढ्या वेगाने जाणारे पाणी गाळले जात नाही.

किमान तीन वेगवेगळ्या जागी चाचणी घ्या. त्याखेरीज अडीच मीटर खोलीचा एक खड्डा माणूस उतरेल एवढा खणून मातीचे थर डोळ्यांनी पाहा. चाचणी फक्त वेग सांगते, त्या खाली काय आहे ते सांगत नाही.

रेगूर_परभणी | १३ फेब्रुवारी

विषय कोकणाचा असला तरी आमच्या काळ्या जमिनीचा अनुभव इथे उपयोगी पडेल. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. मे महिन्यात चाचणी घेतली तर बादल्याच्या बादल्या पाणी भेगांत नाहीसे होते आणि जमीन उत्तम आहे असे वाटते. पाऊस लागला की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आठवडाभर खड्ड्यात उभे राहते. रात्रभर पाणी मुरवल्याशिवाय आमच्याकडची चाचणी निरर्थक ठरते, आणि मला तर एक रात्रही अपुरी वाटते.

या अडचणीवर आमच्या गावात लोकांनी उपाय काढला तो असा, की काळी माती पूर्ण ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खड्डा न्यायचा. मीही तेच केले. मुरूम पाणी झराझर पितो. सहा वर्षे खड्डा एकदाही तुंबला नाही आणि मी निश्चिंत होतो. मग शेजारच्या बोअरच्या पाण्याची तपासणी झाली. त्यात नायट्रेट मर्यादेच्या वर निघाले आणि जिवाणूही सापडले. नायट्रेटला शेतातील युरिया आणि गोठ्यातील शेणही कारण असू शकते, त्यामुळे सगळा दोष माझ्या खड्ड्याचाच आहे असे सिद्ध करता येत नाही. तरीही ज्या काळ्या मातीने ते पाणी गाळले असते, तीच मी खणून बाजूला केली होती, हे नाकारता येत नाही. गेल्या वर्षी तो खड्डा बंद करून पाणी जमिनीवरच्या गाळणी थरातून नेण्याची व्यवस्था केली. खर्च दुपटीहून जास्त आला.

आणखी एक गोष्ट सांगतो. आमच्या विभागात घराघरांतील सांडपाण्यासाठी नांदेड पॅटर्नचे जादुई शोषखड्डे झाले. त्यांनी गटारे आणि डास कमी केले, हे मी स्वतः पाहिले आहे. पण ते न्हाणीच्या आणि भांड्यांच्या पाण्यासाठी आहेत. काही घरांनी त्यालाच शौचालयाच्या टाकीचे पाणी जोडून टाकले आहे आणि कोणी त्यांना अडवत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

सड्याखालचे_घर | ४ मार्च

तिन्ही चाचण्या झाल्या. आकडे देतो.

पहिली जागा घरामागची, ठेकेदारांनी सुचवलेली. तिथे ४० सेंटीमीटरवरच जांभा लागला. रात्री भरलेले पाणी सकाळी राहिले नव्हते. पुन्हा १५ सेंटीमीटर भरले, ते चार मिनिटांत संपले. म्हणजे २५ मिलिमीटरला सुमारे ४० सेकंद. खड्ड्याच्या कडेला दोन मोठी भोके दिसत होती आणि पाणी तिकडेच जात होते.

दुसरी जागा आगराच्या उजव्या टोकाला, गडग्याजवळ (दगडी कुंपणाजवळ). माती तांबडी आणि भुसभुशीत. चार तासांच्या शेवटी अर्ध्या तासात ५० मिलिमीटर पाणी उतरले, म्हणजे २५ मिलिमीटरला १५ मिनिटे.

तिसरी जागा खाचराच्या बांधाजवळ. सकाळी पाणी जवळजवळ तसेच होते आणि अर्ध्या तासात केवळ १० मिलिमीटर उतरले. हिशेबाने ७५ मिनिटे.

दुसऱ्या जागी अडीच मीटरचा खड्डाही घेतला. वरची ३० सेंटीमीटर काळसर माती, त्याखाली १.६ मीटरपर्यंत तांबडी माती, मग २.२ मीटरपर्यंत तांबडे, पिवळे व पांढरे ठिपके असलेली घट्ट माती आणि शेवटी साबणासारखी गुळगुळीत पांढरट माती. पाणी लागले नाही. ही जागा आमच्या विहिरीपासून २४ मीटर आहे.

आईने पहिल्या जागेवरचे पाणी चार मिनिटांत गेलेले पाहिले आणि तिथे खड्डा होणार नाही एवढेच सांगून ती घरात गेली.

भूजल_निवृत्त | ५ मार्च

चाचणी फार काळजीपूर्वक केलीत. पहिली आणि तिसरी जागा बाद झाली, एक अतिवेगामुळे आणि दुसरी मंदपणामुळे. दुसऱ्या जागेचा हिशेब करू.

मानकातील सूत्राप्रमाणे २०४ ला त्या मिनिटांच्या वर्गमूळाने भागायचे. १५ चे वर्गमूळ सुमारे ३.८७, म्हणजे दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे ५३ लिटर पाणी जिरेल. तुम्ही पाच जण आहात. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी वेगळे काढून माडांना सोडलेत आणि टाकीत केवळ शौचालयाचे पाणी घेतलेत, तर माणशी २५ लिटर धरून दिवसाला १२५ लिटर होतात. त्याला अडीच चौरस मीटरही जागा लागत नाही.

परंतु मला विचारायचे आहे की गणपतीत घरी किती माणसे असतात?

सड्याखालचे_घर | ५ मार्च

मुंबईची तीन कुटुंबे येतात. आम्ही मिळून १४ होतो. गौरी-गणपती विसर्जनापर्यंत, कधी त्याहून दोन-तीन दिवस अधिक. शिमग्याला दहा-अकरा जण असतात.

भूजल_निवृत्त | ६ मार्च

मग हिशेब गणपतीचा धरायला हवा, आणि त्याचे कारण केवळ माणसांची संख्या नाही. गणपती भाद्रपदात, पावसाळा सरण्यापूर्वी येतात. टाकीवर वर्षातील सर्वाधिक भार येतो तेव्हाच जमिनीतील पाणीही जवळजवळ सर्वांत वर आलेले असते. शिमग्याला माणसे असली तरी तोवर भूजल बरेच उतरलेले असते. कोकणातील घरासाठी ही गोष्ट निर्णायक आहे आणि कोणत्याही छापील तक्त्यात ती सापडत नाही.

१४ माणसांचे दिवसाला ३५० लिटर. सूत्राने ६.६ चौरस मीटर. सूत्र स्वच्छ पाण्याच्या चाचणीवर आधारलेले आहे. मैल्याच्या पाण्याने मातीच्या तोंडाशी काही महिन्यांत जिवाणूंचा काळा, चिकट थर धरतो आणि वेग घटतो. हा थर गाळणीला मदतच करतो, पण जागा वाढवावी लागते. म्हणून १० चौरस मीटर धरा, म्हणजे अर्धा मीटर रुंदीचे आणि १० मीटर लांबीचे दोन चर. ते समपातळीच्या रेषेत, उताराला आडवे हवेत आणि दोहोंत दोन मीटर अंतर हवे. दोन्ही चरांच्या तोंडाशी बंद-चालूची सोय केली तर एरवी एकेका चराला आलटून पालटून विश्रांती देता येईल.

आता एक प्रश्न उरतो आणि तो मी आजवर प्रत्येकाला विचारत आलो आहे. गडग्यापलीकडे कोण राहते? तुमच्या विहिरीच्या खालच्या अंगाला नेलेली जागा दुसऱ्या कोणाच्या विहिरीच्या वरच्या अंगाला येत नाही ना?

सड्याखालचे_घर | ६ मार्च

येते. गडग्याच्या पलीकडे, थोड्या खालच्या बाजूला चुलत्यांची विहीर आहे. आज मोजली नाही, पण २० मीटरच्या आसपास असावी. खरे सांगायचे तर मी एवढे दिवस केवळ आमच्याच विहिरीपासून फीत लावत होतो.

कॅरोलायना_मराठी | ७ मार्च

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रामीण भागात राहतो. इकडे घर बांधण्याआधी काउंटीच्या आरोग्य खात्याची सेप्टिकसाठी परवानगी लागते आणि या राज्यात भर पाणी जिरण्याच्या वेगापेक्षा मातीच्या प्रत्यक्ष पाहणीवर असतो. तपासनीस गिरमिटाने माती काढून हातावर मळून पाहतात आणि तिचा रंग रंगपट्टीशी ताडतात. मातीत राखाडी डाग ज्या खोलीवर सुरू होतात, त्या खोलीपर्यंत वर्षातील काही काळ पाणी उभे राहते असे धरले जाते, कारण पाण्याखाली हवा नसल्याने मातीतील लोह विरघळून निघून जाते आणि तिचा तांबडेपणा जातो. त्यामुळे कोरड्या ऋतूतही पावसाळ्यातील पातळी कळते. धागाकर्त्यांना १.६ मीटरवर ठिपके लागले आहेत, म्हणून हे लिहावेसे वाटले.

भूजल_निवृत्त | ७ मार्च

ही पद्धत उत्तम आहे आणि आपल्याकडे ती वापरात यायला हवी. जांभ्याच्या प्रदेशात मात्र एक सावधगिरी बाळगावी लागते. जांभ्याखालचा ठिपकेदार थर हा खडक कुजण्याच्या फार प्राचीन प्रक्रियेतून बनलेला असतो. त्याचे रंग आजच्या पाण्याची पातळी सांगतीलच असे नाही. पाणी १.६ मीटरच्या वरही चढू शकते. म्हणून इथे रंगावर न विसंबता मोजावेच लागेल.

उपाय सोपा आहे. त्याच खड्ड्यात भोके पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करून भोवती खडी व माती भरा, वर झाकण लावा आणि पावसाचे पाणी थेट आत जाऊ नये म्हणून तोंडाभोवती चिकण माती ठोका. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला सुतळीला वजन बांधून पाण्याची खोली मोजा. याचा अर्थ बांधकाम एक पावसाळा पुढे ढकलावे लागेल. ते गैरसोयीचे आहे हे मला कळते, तरीही माझा सल्ला हाच आहे.

उपकेंद्रातली_ताई | ९ मार्च

मी आरोग्य विभागात अनेक वर्षे काम करते. दोन्ही विहिरींचे पाणी बांधकामाच्या आधी एकदा तपासून ठेवावे, म्हणजे पुढे बदल झाला तर तुलना करता येईल. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० नुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय जिवाणू आढळता कामा नयेत आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत अशी तपासणी होते. नमुना कसा घ्यायचा ते ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकांना विचारावे. जिवाणूंसाठी बाटली निर्जंतुक लागते, घरची धुतलेली बाटली चालत नाही. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यात एकदा नमुना द्यावा.

गावात एक समज फार दिसतो, की विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की झाले. क्लोरीनने जिवाणू मरतात, परंतु नायट्रेट तसेच राहते. पाणी उकळल्याने तर ते कमी न होता पाणी आटल्यामुळे दाट होते. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्यापासून धोका असतो, कारण रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. ज्यांच्या घरी लहान बाळ आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

चिरेकाम_सावंतवाडी | ९ मार्च

टाकीविषयी. दहा माणसांसाठी दर दोन वर्षांनी उपसा धरून आतून २ मीटर लांब, ९० सेंटीमीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर असे माप घेतले जाते. चार-आठ दिवस १४ माणसे आली तरी ते चालून जाते. तळाला काँक्रीट हवेच. आतून-बाहेरून गिलावा करून टाकी पाण्याने भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पातळी उतरली आहे का ते बघा. मध्ये भिंत, आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नळीला खाली वाकवलेला टी (T आकाराचा जोड) आणि हवेसाठी उंच पाइप, यांत काटकसर करू नका.

टाकी रस्त्याच्या बाजूला ठेवा, म्हणजे उपसणाऱ्या गाडीची नळी पोहोचेल. संरक्षक साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवून साफसफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. मोकळ्या दिसणाऱ्या टाकीतही कोणाला उतरू देऊ नका.

दोन खड्ड्यांच्या शौचालयाचाही पर्याय आहे आणि लहान कुटुंबाला मी तोच सुचवतो. एक खड्डा वापरायचा, दुसरा बंद ठेवून आतील मैल्याचे खत होऊ द्यायचे. पण तिथेही पाण्याची पातळी वर असेल तर तळ बंद करून भोवती अर्धा मीटर वाळूचे वेष्टन द्यावे लागते आणि १४ माणसांना ते झेपणार नाही.

सड्याखालचे_घर | ६ सप्टेंबर

गणपती आटोपून मंडळी परत गेली, आता निवांतपणे लिहितो.

पाइपमधील मोजमाप जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून घेतले. पहिले तीन आठवडे पाइप कोरडा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाणी १.९ मीटरवर दिसले. त्यानंतर संततधार लागली आणि जुलैच्या अखेरीस ते जमिनीपासून १.१ मीटरवर आले. नऊ दिवस तिथेच राहिले. गणपतीत १.३ मीटर होते. ठिपके १.६ मीटरपासून सुरू होत होते, म्हणजे पाणी त्यांच्या अर्धा मीटर वर चढले. भूजल_निवृत्त सरांनी थांबायला सांगितले नसते तर मी १.६ हाच आकडा धरून काम केले असते.

आता ठरले ते असे. भूजल १.८ मीटरच्या आत येत असल्याने चर जमिनीत न घेता उचललेल्या वाफ्यात घ्यायचे. वरची झाडोऱ्याची माती काढून तिथे ४५ सेंटीमीटर जाडीचा तांबड्या मातीचा भराव घालायचा. माती आमच्याच आगरातली वापरायची, चिरेखाणीतला चुरा घ्यायचा नाही. वाफ्याला खालच्या अंगाने गडगा घालायचा. चराचा तळ मूळ जमिनीच्या १५ सेंटीमीटर खाली येईल, म्हणजे भर पावसातही त्याखाली ९५ सेंटीमीटर हवेशीर माती राहील. घर वरच्या पातळीवर असल्याने पाणी उताराने येईल, पंप लागणार नाही. सड्यावरून येणारे पावसाचे पाणी वाफ्यात शिरू नये म्हणून वरच्या बाजूने पाट काढून ते पऱ्याकडे वळवले आहे. हे काम ऑगस्टमध्ये पावसातच करून घेतले, म्हणजे पाणी कुठून येते ते डोळ्यांसमोर होते.

चुलत्यांशी मार्चमध्येच बोललो. त्यांच्या विहिरीपासून प्रत्यक्ष मोजल्यावर मूळची जागा १७ मीटरच भरली. त्यांनीच सुचवले की वाफा गडग्यापासून आत, घराच्या बाजूला सरकवावा. त्यामुळे आता आमच्या विहिरीपासून २० मीटर आणि त्यांच्या विहिरीपासून २२ मीटर झाले आहेत. आमच्या बाजूचे अंतर घटले, परंतु वाफा आमच्या विहिरीच्या उताराच्या रेषेत येत नाही. सरकवलेल्या जागी चाचणी नव्याने घेतली, तिथे २५ मिलिमीटरला १८ मिनिटे लागली, म्हणजे १० चौरस मीटर जागा अजूनही पुरते.

दोन्ही विहिरींचे पाणी मे आणि जुलैमध्ये तपासले. मे महिन्यात दोन्ही ठीक होत्या. जुलैमध्ये आमच्या विहिरीत ई-कोलाय सापडले, चुलत्यांच्या विहिरीत नाही. नवे काही बांधलेलेच नसताना हे आले, म्हणून संशय परसातल्या जुन्या खड्ड्यावर आहे. तो विहिरीच्या वरच्या अंगाला जेमतेम १२ मीटरवर आहे. पिण्याचे पाणी आम्ही तेव्हापासून उकळून घेत आहोत आणि नायट्रेट मर्यादेत असल्याने त्यात अडचण नाही. नवी टाकी सुरू झाली की तो खड्डा उपसून, चुना टाकून, मातीने भरून बंद करायचा आहे. उपसलेला गाळ कुठे न्यायचा, याविषयी चिरेकाम_सावंतवाडी यांनी आणि ताईंनी काही सुचवले तर बरे होईल. गाडीवाले विचारता क्षणी सड्यावर ओतू म्हणाले, त्याला मी नकार दिला आहे.

काम नोव्हेंबरमध्ये, भात कापणी झाल्यावर सुरू होईल. पाइप तसाच ठेवणार आहे. आठवड्याचे मोजमाप आता आई घेते आणि दिनदर्शिकेवर लिहून ठेवते.